एकोणिसाव्या शतकातील शेतमजूर पूर्वजाचा शोध : कागद कोणते, ते कुठे मिळतात आणि कसे वाचावेत

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ज्याच्या नावावर जमीन नव्हती आणि ज्याला अक्षरओळख नव्हती, अशा शेतमजुराने स्वतःचे कागद मागे ठेवले नाहीत. त्याचे खाते नसे, पत्रव्यवहार नसे, मृत्युपत्र नसे. तरीही तो कागदांच्या बाहेर राहिला नाही. सावकाराने त्याच्याकडून खत लिहून घेतले, खोताने त्याचे नाव कूळ म्हणून टिपले, गावकामगारांनी त्याच्या लेकराच्या मृत्यूची नोंद केली, मास्तरांनी त्याच्या नातवाचे नाव शाळेच्या रजिस्टरात घातले. शेतमजुराचा शोध म्हणजे मुख्यतः दुसऱ्यांच्या कागदांतला शोध. त्याची दिशा आणि क्रम ठरलेला असेल तर तीन-चार पिढ्या मागे जाणे अनेक घरांना शक्य होते.

शेतमजूर कोणाला म्हणावे

जुन्या नोंदींत ‘शेतमजूर’ हा शब्द क्वचितच भेटतो. वर्षाच्या बोलीवर राबणारा तो सालगडी. खानदेश-विदर्भात त्यालाच सालदार म्हणत. त्याचे साल बहुधा पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला बदले आणि मोबदला धान्य, कपडा, वहाणा आणि थोडी रोकड असा मिळे. रोजावर जाणारा रोजंदार वेगळा. दुसऱ्याची जमीन अर्ध्या वाट्याने कसणारा अर्धेलीचा किंवा बटाईचा कूळ वेगळा. ठाणे जिल्ह्यात लग्नाच्या कर्जापायी मालकाकडे बांधला गेलेला आदिवासी लग्नगडी म्हणून ओळखला जाई. गावकीची कामे करून उरलेल्या दिवसांत शेतावर राबणारी वतनदार महार कुटुंबेही होती.

एकच माणूस आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर यांतल्या दोन-तीन भूमिकांत असू शके. तरुणपणी सालगडी, नंतर कूळ, दुष्काळानंतर पुन्हा रोजंदार, असा त्याचा प्रवास होई. त्यामुळे व्यवसायाच्या एकाच शब्दावर विसंबून नोंद नाकारू नये.

सुरुवात घरातून

शोध नेहमी आजच्या पिढीकडून मागे न्यावा. घरातील सर्वांत वयस्कर माणसांना नावे, गावे, सोयरिकी, कुलदैवत, देवक आणि घराण्याचे तीर्थोपाध्ये कोण, हे विचारून लिहून ठेवावे. कुलदैवताचे ठिकाण मूळ गावाची दिशा सुचवते. मुली कोणत्या गावी दिल्या आणि सुना कुठून आल्या, यावरून घराण्याचा वावर किती कोसांत होता ते समजते.

वयस्कर माणसांना जन्मसाल आठवत नाही, पण घटना आठवतात. ‘प्लेगात आजा गेला’, ‘मानमोडीच्या साथीत आजी गेली’ अशा वाक्यांना साल देता येते. प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला आणि नंतर दख्खनभर पसरला. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. १८७६ ते १८७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे मोठ्या दुष्काळांचे काळ. या खुणा घातल्या की आठवणीतली माणसे कालक्रमात उभी राहतात.

त्यानंतर घरातील कागद पाहावेत : शाळा सोडल्याचे दाखले, जुनी रेशनकार्डे, जातीच्या दाखल्यांसाठी जोडलेल्या वंशावळी, सातबारा उतारे, मृत्यूचे दाखले. या टप्प्याअखेर ज्या पूर्वजाचा शोध घ्यायचा, त्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव, गाव आणि अदमासे काळ एवढे हाती असावे. गाव नक्की नसेल तर पुढचा प्रत्येक कागद निरुपयोगी ठरतो.

गाव कोणत्या राजवटीत होते

आजचा महाराष्ट्र त्या काळी निरनिराळ्या राजवटींत विभागलेला होता आणि दप्तरही त्याप्रमाणे विभागले गेले. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेश मुंबई इलाख्यात होते. नागपूरचा मुलूख १८६१ पासून मध्य प्रांतात गेला. वऱ्हाड १८५३ पासून निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. कोल्हापूर, सावंतवाडी, सांगली यांसारख्या संस्थानांची दप्तरे स्वतंत्र होती. शेजारचा गोवा पोर्तुगिजांकडे होता.

याचा परिणाम भाषेवर आणि लिपीवर होतो. मुंबई इलाख्यात गावपातळीवरचे लेखन मोडीत, मराठवाड्यात मोडीबरोबर फारसी आणि उर्दू, गोव्यात पोर्तुगीज. कागद ठेवण्याचे ठिकाणही त्यावरून ठरते. तालुक्याच्या सीमा अनेकदा बदलल्यामुळे आजचे तहसील कार्यालय आणि जुने तालुक्याचे ठिकाण वेगळे असू शकते. गाव १८८० च्या सुमारास कोणत्या तालुक्यात होते, हे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधून आधी पाहून घ्यावे.

नावे, लिपी आणि सने

जुन्या कागदांत आडनाव बहुधा नसते. ‘रामा बिन धोंडी’ अशी नोंद म्हणजे धोंडीचा मुलगा रामा. ‘बिन’च्या जागी ‘वलद’ही येते. विवाहित स्त्रीच्या नावापुढे ‘भ्रतार’ किंवा ‘कोम’ लिहून नवऱ्याचे नाव दिलेले असते. सासरी नाव बदलले असेल तर तीच स्त्री माहेरच्या आणि सासरच्या कागदांत दोन नावांनी येते. रामा, राम्या, रामजी ही एकाच माणसाची रूपे असू शकतात. लिहिणारा कोण आणि माणसाचा मान किती, यावर रूप ठरे. मजुराच्या नावाला ‘जी’ किंवा ‘राव’ लागणे दुर्मीळ होते. लिहिता न येणारा माणूस सहीच्या जागी निशाणी करी. कुणब्याची निशाणी नांगराची असे.

मोडी वाचता येणे या शोधात फार उपयोगी पडते. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. संपूर्ण लिपी आत्मसात होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. गावाचे नाव, पूर्वजाचे नाव, ‘बिन’, ‘वस्ती’, ‘जात’, ‘उमर’ आणि अंक एवढे मोडीत ओळखता आले तरी रजिस्टर चाळता येते. नेमके पान सापडल्यावर ते जाणकाराकडून वाचून घ्यावे.

सने चार प्रकारची भेटतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येते. वर्षाचे शेवटचे महिने असतील तर ७९. दख्खनच्या फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवावेत. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावेत. हे साल मृग नक्षत्राला बदलते. हिजरी वर्ष चांद्र असल्याने तेथे ठराविक बेरीज चालत नाही, कोष्टक वापरावे लागते. फसली १३०० म्हणजे इसवी सन १८९०-९१, हे एक उदाहरण लक्षात ठेवले तरी ढोबळ हिशेब चुकत नाही.

जन्म, मृत्यू आणि शाळा

भारतात पहिली समकालिक जनगणना १८८१ साली झाली, परंतु त्या शतकातील घरोघरच्या याद्या जपल्या गेल्या नाहीत. छापलेल्या तक्त्यांत गाव, जात आणि धंद्याचे आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत. इंग्लंडमध्ये शेतमजुराचे कुटुंब दर दहा वर्षांनी जनगणनेच्या पानावर नावानिशी भेटते. ती सोय येथे नाही. तिची जागा प्रामुख्याने दोन रजिस्टरे घेतात.

पहिले जन्म-मृत्यूचे रजिस्टर. गावकामगारांनी ठेवलेल्या या नोंदी आज गाव नमुना १४ या नावाने तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. विदर्भात कोतवाल बुक पाहावे. नोंदीत तारीख, बापाचे नाव, जात, मृत्यू असल्यास वय आणि कारण असते. नवजात बालकाचे नाव पुष्कळदा लिहिलेलेच नसते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढाच उल्लेख असतो. म्हणून मुलाच्या नावाने न शोधता बापाच्या नावाने शोधावे. शेतमजूर बापाच्या दृष्टीने हे रजिस्टर मोलाचे आहे, कारण जमीन नसलेल्याच्या घरीही जन्म आणि मृत्यू होतातच. एका बापाच्या नावाखालील सर्व नोंदी वीस वर्षांच्या पट्ट्यात क्रमाने उतरवल्या की कुटुंबाचा आकार, दगावलेली मुले आणि गाव सोडल्याचा अंदाजे काळ दिसू लागतो. मृत्यूच्या कारणांत ताप, पटकी, देवी हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात.

दुसरे शाळेचे जनरल रजिस्टर. त्यात विद्यार्थ्याचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख आणि दाखल झाल्याचा दिवस असतो. मजुराचा मुलगा शतकाच्या अखेरीस शाळेत गेला असेलच असे नाही. नातू बहुधा गेलेला असतो. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्यामुळे त्या भागातील रजिस्टरांत गरीब कुटुंबांची नावे लवकर भेटण्याची शक्यता असते. शाळेत लिहिलेली जन्मतारीख मास्तरांनी अदमासे घातलेली असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

जमिनीच्या कागदांत भूमिहीन

जमीन नव्हती म्हणून जमिनीचे कागद सोडून देणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. मुंबई इलाख्यात रयतवारी पाहणीवर आधारलेली धारेची पद्धत १८३६ साली इंदापूर तालुक्यात सुरू झाली आणि धारा तीस वर्षांसाठी ठरवण्यात आला. या पाहणीच्या कागदांत मुख्यतः खातेदाराचे नाव असते. मजुराचे नाव तेथे नसले तरी त्याच्या मालकाचे असते. गावात मोठे खातेदार कोण होते हे कळले की कोणाच्या घरचे दप्तर शोधायचे ते ठरते.

कोकणातील खोती गावांत चित्र वेगळे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील पाहणीत तयार झालेल्या बोटखतांत जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्या कुळांची नावे आणि खोताला देण्याचा हिस्सा नोंदलेला आहे. १८८० च्या खोती कायद्यानंतर या कागदांना कायदेशीर महत्त्व आल्यामुळे ते जपले गेले. कोकणातील मजूर-कुळाच्या वंशजांनी शोध येथूनच सुरू करावा.

हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये आला. त्यानंतरच्या फेरफारांत वारसांची नावे एकत्र येतात. पूर्वज १९०० पूर्वी वारला असला तरी त्याच्या मुलाच्या किंवा नातवाच्या नोंदीत बापाचे नाव असतेच. पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, क-पत्रक, मराठवाड्यात खासरा पत्रक ही याच मालिकेतील साधने. १९४८ च्या कूळ कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कुळे मालक मानली गेली. त्या वेळच्या चौकशीच्या फायलींत कुळांचे जबाब आहेत. जमीन कोणाकडून आणि किती वर्षे कसत आलो, हे त्यांत सांगितलेले असते. विसाव्या शतकातील हा कागद अशा रीतीने एकोणिसाव्या शतकापर्यंत पोहोचवतो.

महार आणि इतर वतनदार कुटुंबांसाठी वतनाची रजिस्टरे आहेत. १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनदार आणि त्यांचे हिस्सेदार यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली, तेव्हा जमीन पुन्हा मिळवण्यासाठी केलेल्या अर्जांना वंशावळी जोडल्या गेल्या. एकाच फाइलीत चार पिढ्या सापडण्याची शक्यता येथे सर्वाधिक असते.

जुने सातबारा आणि फेरफार अनेक जिल्ह्यांपुरते ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी गावोगावची मोडी आणि मराठी रजिस्टरे तपासली गेली. सापडलेली पाने अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आहेत. ती पाने केवळ एका जातीची नाहीत. शेजारच्या ओळींत गावातील इतरांचीही नावे असतात.

कर्ज, कोर्ट आणि तुरुंग

शेतमजुराचे नाव सर्वांत स्पष्टपणे लिहिले जाई ते कर्ज घेताना. १८७५ मध्ये सुपे येथून सुरू झालेल्या सावकारविरोधी दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याने करून दिलेली खते गावनिबंधकासमोर लिहिली जावीत, असे त्याने ठरवले. शेतावर स्वतः राबणारा माणूसही या कायद्याच्या व्याख्येत बसे. त्यामुळे एरवी कुठेच न सापडणारी छोट्या रकमांची खते या जिल्ह्यांत नोंदली गेली. खतात ऋणकोचे नाव, बापाचे नाव, गाव, धंदा आणि कर्जाचे कारण असते. जामीन आणि साक्षीदार बहुधा भाऊबंद किंवा शेजारी असतात, म्हणून त्यांचीही नावे उतरवून घ्यावीत.

दुय्यम निबंधक कार्यालयात स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये असतात. त्याची सूची कोणालाही पाहता येते. इतर दस्त पुस्तक क्रमांक ४ मध्ये असतात आणि त्यांच्या नकला दस्तातील पक्षांना किंवा त्यांच्या प्रतिनिधींनाच मिळतात. वारस म्हणून अर्ज करताना वंशावळीचा पुरावा सोबत ठेवावा.

दिवाणी दाव्यांची मूळ कागदपत्रे ठराविक मुदतीनंतर नष्ट केली जात, पण दाव्यांची रजिस्टरे अनेक ठिकाणी टिकली आहेत. पोलिसांची गुन्हे रजिस्टरे आणि तुरुंगातील कैद्यांची रजिस्टरे यांतही नावे भेटतात. दुष्काळात धान्य चोरल्याबद्दल किंवा जंगलातून लाकूड आणल्याबद्दल झालेली शिक्षा म्हणजे घराण्याला कलंक नव्हे. त्या काळच्या भुकेचा तो लेखी पुरावा आहे. अशी नोंद लपवू नये.

मालकाचे दप्तर

मोठ्या शेतकऱ्यांच्या, देशमुखांच्या आणि सावकारांच्या वाड्यांत रोजकीर्द आणि खतावणी कापडी रुमालांत बांधून ठेवलेली असत. सालगड्याच्या नावाने खतावणीत स्वतंत्र पान असे : वर्षाची ठरलेली रक्कम, वेळोवेळी घेतलेली उचल, दिलेले धान्य, खाडे. मजुराच्या रोजच्या जगण्याची एवढी बारीक माहिती दुसऱ्या कोणत्याही साधनात मिळत नाही. उचल कोणत्या महिन्यात वाढली यावरून घरातील लग्न, आजारपण किंवा सण ओळखता येतो. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यांसारख्या संस्थांकडे घराण्यांची दप्तरे जमा आहेत. उरलेली अद्याप खासगी घरांत आहेत आणि तेथे जाताना ओळखीचा माणूस सोबत असलेला बरा.

तीर्थोपाध्ये, हेळवी आणि चर्च

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे गाववार लिहिलेली असतात. आलेला माणूस आपल्या बापाचे, आजाचे, भावांचे नाव सांगे, म्हणून एका भेटीत तीन पिढ्या उतरत. गाव, जात आणि कुळ सांगितल्यावर उपाध्ये वही काढतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी ठराविक घराण्यांच्या वंशावळी सांभाळत आले आहेत. ज्यांना जातीच्या कारणाने देवळात आणि तीर्थांवर मज्जाव होता, त्यांची नोंद या वह्यांत मिळण्याची शक्यता कमी. त्यांच्यासाठी वतनाचे कागद आणि चर्चची रजिस्टरे जास्त उपयोगी ठरतात.

अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले आणि पुढे आसपासच्या खेड्यांतील अनेक दलित कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचेही नाव असते, जे सरकारी कागदांत सहसा नसते. गोव्यात चर्चची बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूची रजिस्टरे हेच एकोणिसाव्या शतकासाठी मुख्य साधन आहे. त्यांतील पुष्कळशी पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. नागरी नोंदणी तेथे १९१४ पासून सुरू झाली.

गाव सोडून गेलेला मजूर

एखाद्या वर्षानंतर गावच्या रजिस्टरातून कुटुंब एकदम नाहीसे झाले, तर मृत्यूपेक्षा स्थलांतराची शक्यता आधी तपासावी. कोकण आणि देशावरून माणसे मुंबईच्या गिरण्यांत, रेल्वेच्या कामांवर आणि गोदीत गेली. तेथील मृत्यूनोंद महापालिकेच्या दप्तरात शोधावी.

काही मजूर समुद्रापार गेले. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख भारतीय करारबद्ध मजूर मॉरिशसला पोहोचले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी भाषकही होते. तेथे प्रत्येक मजुराला क्रमांक देऊन त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जात, जिल्हा, गाव आणि जहाज यांची नोंद केली गेली. १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही घेतली जाऊ लागली. ही रजिस्टरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. गावात राहिलेल्या भावाबद्दल काहीच सापडत नाही आणि परदेशी गेलेल्या भावाची उंचीसुद्धा कळते, असा प्रकार येथे घडतो. परदेशातील नोंदीत गावांची नावे इंग्रजी किंवा फ्रेंच कानाने ऐकून लिहिलेली असल्यामुळे ती मोठ्याने उच्चारून ओळखावी लागतात.

जुळवणी आणि खात्री

एकाच गावात ‘रामा बिन धोंडी’ तीन असू शकतात. केवळ नाव जुळले म्हणून पूर्वज सापडला असे समजू नये. नाव, बापाचे नाव, गाव, जात, अदमासे वय आणि एखादा नातेवाईक यांपैकी किमान चार गोष्टी जुळाव्यात आणि त्या एकमेकांपासून स्वतंत्र अशा दोन कागदांतून मिळाव्यात. सर्व कागदांतील वये अंदाजे असतात. पाच वर्षांचा फरक सहज सोडून द्यावा, पंधरा वर्षांचा सोडू नये. आजोबाचे नाव नातवाला देण्याची रीत असल्यामुळे दोन पिढ्या एक समजण्याची चूक वारंवार होते. तारखा क्रमाने मांडल्या की ती टळते.

प्रत्येक नोंदीबरोबर कार्यालय, रजिस्टरचे नाव, साल, पान आणि पाहिल्याची तारीख लिहावी. शक्य तेथे प्रमाणित नक्कल घ्यावी. ज्या रजिस्टरात शोध घेऊन काही मिळाले नाही, त्याचीही नोंद करावी. नाहीतर तेच काम पुढची पिढी पुन्हा करते. खात्री, संभव आणि ऐकीव माहिती अशा तीन रकान्यांत मजकूर विभागला तर वंशावळ विश्वासार्ह राहते.

नोंदींच्या मधल्या जागा भरण्यासाठी काळाची माहिती हवी. गॅझेटियरमध्ये त्या जिल्ह्यातील मजुरीचे दर, पिके आणि दुष्काळांची वर्णने आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ चे ‘गावगाडा’ हे पुस्तक खेड्यातील देण्याघेण्याचे व्यवहार समजून घेण्यास उपयोगी आहे. अशा ग्रंथांतून पूर्वज कसा जगत असेल हे लिहिता येते. तो तसाच जगला, असे मात्र लिहू नये.

जमीनदाराचे चरित्र त्याच्या स्वतःच्या दप्तरातून उभे राहते. मजुराचे चरित्र पाच-सहा परक्या दप्तरांतून गोळा करावे लागते आणि त्यांतले एकही हरवले तरी ते अपुरे राहते. म्हणून ज्या घरांत जुन्या वह्या, खते आणि रुमाल अजून आहेत, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत किंवा जाळू नयेत. त्यांची छायाचित्रे काढून एक प्रत जवळच्या संशोधन संस्थेला किंवा पुराभिलेखागाराला द्यावी. त्या घराला ते पान निरुपयोगी वाटले, तरी गावातल्या दुसऱ्या कुटुंबाच्या पणजोबाचे नाव कदाचित तेवढ्याच एका ठिकाणी लिहिलेले असेल.